सांध्यांची व्यथा आणि मनाची विचारपूस

आमवात हा सांध्यांचा रोग म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या उपचाराची सारी व्यवस्थाही सांध्यांभोवतीच उभी राहिली आहे. रोगी दवाखान्यात आला म्हणजे डॉक्टर त्याची बोटे, मनगटे व गुडघे दाबून पाहतात, रक्ताची तपासणी करवितात आणि औषधाची मात्रा ठरवितात. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, आणि तिच्यामुळे असंख्य लोकांचे हातपाय वाकडे होण्यापासून वाचले आहेत. परंतु तीत एक मोठी उणीव राहून गेली आहे. या रोग्यांपैकी पुष्कळांना सांध्यांच्या दुखण्याबरोबर दीर्घकाळ टिकणाऱ्या चिंतेने व विषण्णतेने ग्रासलेले असते. आणि त्याविषयी त्यांना बहुधा कोणीच काही विचारीत नाही. रोगी आपण होऊन सांगत नाही, कारण ‘हाडांच्या’ डॉक्टरांना मनाचे काय सांगावयाचे, असे त्याला वाटते. डॉक्टर विचारीत नाहीत, कारण बाहेर आणखी तीसचाळीस रोगी खोळंबलेले असतात.

प्रस्तुत पुस्तिकेचे प्रतिपादन असे आहे, की मनाची विचारपूस हा आमवाताच्या प्रत्येक तपासणीचा नित्याचा भाग झाला पाहिजे. तिच्याकडे दयाबुद्धीचे काम म्हणून पाहू नये. रोगाचे अचूक मोजमाप व योग्य उपचार यांसाठीच ती आवश्यक आहे. असे का म्हणावयाचे, हे समजण्यासाठी प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहू.

रोगाचे स्वरूप

सांधे दुखण्याची कारणे अनेक आहेत. उतारवयात गुडघ्यांची झीज होऊन जे दुखणे लागते ते निराळे आणि आमवात निराळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा, जिचे काम बाहेरून शिरणाऱ्या जंतूंशी लढण्याचे, ती आपल्याच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर चालून जाते. हे अस्तर सुजते, जाड होते, आणि उपचार न झाल्यास कूर्चा व हाड पोखरू लागते. बहुधा दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे आणि मनगटे एकाच वेळी धरतात. सकाळी उठल्यावर सांधे तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ आखडलेले राहतात. त्याबरोबर थकवा, बारीक ताप व अन्नावरची वासना उडणे हीही लक्षणे दिसतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत या रोगाचे प्रमाण दुपटीतिपटीने अधिक आहे. आणि तो पुष्कळदा तिशी ते साठी या वयात, म्हणजे संसाराचा भार अंगावर असतानाच सुरू होतो.

मराठीतील ‘आमवात’ हे नाव आयुर्वेदातून आले आहे. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रंथातील वर्णन आणि आजची व्याख्या ही तंतोतंत एक आहेत असे नव्हे. पाश्चात्त्य वैद्यकात पॅरिस येथील लांद्रे-बोव्हे याने १८०० साली आपल्या प्रबंधात या रोगाचे वर्णन केले, आणि इंग्लंडमधील आल्फ्रेड गॅरड याने १८५९ साली त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे आज रूढ असलेले नाव दिले.

आपल्या देशात हा रोग दुर्मीळ नाही. दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ०.७५ टक्के आढळले. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली; तीतही हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास दिसून आले. टक्का लहान दिसतो. परंतु देशातील प्रौढांची संख्या नव्वद कोटी धरली तरी अर्धा टक्का म्हणजे पंचेचाळीस लाख माणसे होतात.

उपचाराचा इतिहास आशादायक आहे. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिझोन हे द्रव्य प्रथमच आमवाताच्या रोग्यास दिले, आणि १९५० साली त्या संशोधनास नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कॉर्टिझोनच्या दीर्घ वापराचे तोटे ध्यानात आले. १९८० नंतरच्या दशकात आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट हे औषध उपचाराचा पाया बनले. १९९२ साली लंडन येथे मार्क फेल्डमन आणि लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाह वाढविणाऱ्या ‘टीएनएफ’ या प्रथिनाला अडविणारे औषध आमवाताच्या रोग्यांना देऊन पाहिले. रोग मुळापासून नाहीसा करणारा उपाय अद्याप नाही. परंतु वेळीच उपचार झाल्यास तो ताब्यात ठेवता येतो.

मनावर पडणारा भार

साधे दुःख आणि विषण्णता यांत फरक आहे. दुःख येते, कोणी जिवाभावाचे भेटले की हलके होते, आणि दिवसागणिक ओसरते. बोलीभाषेत जिला नैराश्य म्हणतात ती विषण्णता दिवसाचा बहुतेक वेळ, रोजच्या रोज, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ ठाण मांडून बसते. पूर्वी गोडी वाटणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही. झोप व भूक बिघडते. आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, अशी टोचणी लागते. चिंतेच्या विकारात मन सतत पुढील अरिष्टाची वाट पाहते. छाती धडधडते, जीव स्वस्थ होत नाही, आणि ‘काही होणार नाही’ असे कितीही समजाविले तरी समजूत पटत नाही.

आमवातात या दोहोंना खतपाणी मिळण्याची कारणे ढीगभर आहेत. पहिले कारण म्हणजे रोगाची अनिश्चितता. आज हात बरा चालतो, म्हणून उद्याचे काम अंगावर घ्यावे, तर उद्या सकाळी मूठही मिटत नाही. दुसरे कारण असे, की हा रोग नेमका हातांना धरतो, आणि माणसाचे स्वावलंबन हातांत असते. पोळी लाटणे, ओले लुगडे पिळणे, डब्याचे झाकण फिरविणे, सदऱ्याची गुंडी लावणे, मुलीची वेणी घालणे ही कामे कोणी मोजीत नाही. ती होईनाशी झाली म्हणजे मात्र दिवसातून पन्नास वेळा आपल्या परावलंबनाची आठवण होते. तिसरे कारण म्हणजे हे दुखणे दुसऱ्यास दिसत नाही. सकाळी आखडून पडलेली सून दुपारी चालतीफिरती झालेली पाहून घरातील माणसांना सकाळचे दुखणे हे कामचुकारपणाचे निमित्त वाटते. ‘सांधेदुखी म्हणजे म्हातारपणाचे दुखणे’ हा समज इतका पक्का आहे, की तिशीतील बाईने ते सांगितले तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

चौथे कारण औषधांविषयीची भीती. मेथोट्रेक्सेट हे मोठ्या मात्रेत कर्करोगावर वापरतात. हे कोठेतरी वाचून रोगी हादरतो, आणि आठवड्याची गोळी हातात घेऊन विचार करीत बसतो. गरोदरपणात हे औषध चालत नाही व ते आधीपासून बंद करावे लागते. त्यामुळे तरुण स्त्रीपुढे विवाह व मूल यांचे प्रश्न उभे राहतात, आणि ते उघडपणे बोलण्यास तिला जागा नसते. पाचवे कारण खर्चाचे: नव्या औषधांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि रोजगार बुडतो तो वेगळाच.

हा भार किती जणांवर पडतो? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात निरनिराळ्या देशांतील ७२ पाहण्यांतील १३,१८९ रोग्यांची माहिती एकत्र करण्यात आली. वैद्यकीय मुलाखतीच्या काटेकोर कसोटीने पाहता सुमारे १७ टक्के रोग्यांना तीव्र स्वरूपाचा विषण्णतेचा विकार आढळला. नऊ प्रश्नांच्या एका प्रचलित प्रश्नावलीने पाहता हे प्रमाण सुमारे ३९ टक्के भरले. दोन आकड्यांत एवढे अंतर का, याचे एक कारण उद्‌बोधक आहे. थकवा, निद्रानाश व भूक मंदावणे ही लक्षणे आमवाताची आहेत, तशीच विषण्णतेचीही आहेत. प्रश्नावलीत ती सर्व एकत्र मोजली जातात. तथापि लहान आकडा घेतला तरी सहांमागे एकाचे मन खचलेले आहे, असा त्याचा अर्थ होतो. ज्या उपद्रवाने सहांपैकी एक रोगी ग्रासलेला आहे, त्याची चौकशी सवडीवर सोडून चालणार नाही.

एक जुनी चूक

या विषयाकडे वैद्यकाने दुर्लक्ष केले, यास एक ऐतिहासिक कारणही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मनोविश्लेषणाचा मोठा बोलबाला होता. शिकागो येथील फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायकोसोमॅटिक मेडिसिन’ या ग्रंथात मनातील संघर्षांचा संबंध काही शारीरिक रोगांशी जोडला. दमा, जठरव्रण, रक्तदाब यांच्याबरोबर आमवातही त्या यादीत होता. दाबून ठेवलेला राग स्नायूंत व सांध्यांत साठतो, अशा धर्तीची उपपत्ती मांडण्यात आली, आणि ‘आमवाती स्वभाव’ अशी कल्पनाही रूढ झाली. रोगी सोशिक, त्यागी व मनातल्या मनात कुढणारा असतो, असे तिचे वर्णन असे.

ही कल्पना पुढे टिकली नाही. दीर्घकाळ वेदना सोसणारा कोणताही माणूस सोशिक व अबोल दिसू लागतो. ज्याला कारण मानले होते तो पुष्कळ अंशी रोगाचा परिणाम होता. रोगप्रतिकारक यंत्रणेचे ज्ञान वाढले तसा आमवात हा शरीराचा रोग आहे, हे निर्विवाद ठरले. परंतु या चुकीच्या कल्पनेने मागे एक संकोच ठेवला. मनाविषयी विचारले, तर ‘तुमचा रोग मनाचा आहे’ असे सुचविल्यासारखे होईल, अशी भीती डॉक्टरांना वाटू लागली. आणि रोग्यांनाही तसे विचारणे हा आपल्या वेदनेवरील अविश्वास वाटू लागला.

यास्तव येथे भेद स्पष्ट केला पाहिजे. मनामुळे आमवात होतो, असे म्हणणे निराळे. आणि आमवात झालेल्या माणसाचे मनही आजारी पडू शकते व त्याचा परिणाम पुन्हा शरीरावर होतो, असे म्हणणे निराळे. पहिल्या म्हणण्याने रोग्यावर दोष येतो. दुसऱ्याने त्याच्या मदतीचा मार्ग खुला होतो.

दाह आणि मेंदू

शरीर व मन यांच्यातील हा दुवा आता बराच उलगडला आहे. ताप आलेल्या माणसाचे वर्तन प्रत्येकाने पाहिले आहे. त्याला जेवण नको वाटते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, अंथरुणात पडून राहावेसे वाटते. हे केवळ अशक्तपणामुळे घडत नाही. जंतूंशी लढताना शरीरातील पेशी ‘सायटोकाइन’ नावाची निरोप पोहोचविणारी प्रथिने सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो, आणि विश्रांती घेण्यास भाग पाडणारी ही वृत्ती उत्पन्न होते. चार दिवसांच्या तापात ती उपकारक असते. आमवातात मात्र टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी हीच प्रथिने वर्षानुवर्षे वाढलेली राहतात, आणि मेंदूला आजारपणाचा निरोप सतत मिळत राहतो.

या विचारास दोन बाजूंनी आधार मिळतो. यकृताच्या ‘सी’ प्रकारच्या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉन हे याच वर्गातील प्रथिन औषध म्हणून देत असत. ते घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना, पूर्वी तसा त्रास नसतानाही, विषण्णता येई. उलट बाजूने, जर्मनीतील एर्लांगेन येथे झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आमवाताच्या मोजक्या रोग्यांना टीएनएफ अडविणारे औषध देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. सांध्यांची सूज उतरण्यापूर्वीच, चोवीस तासांच्या आत, वेदनेशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागांतील हालचाल कमी झालेली दिसली. प्रयोग लहान आहे. परंतु सांध्यांतील दाहाचे पडसाद मेंदूत उमटतात, हे त्यावरून दिसते.

अर्थात सगळाच दोष प्रथिनांच्या माथी मारता येणार नाही. वेदनेने झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना अधिक तीव्र भासते. मन खचले की माणूस हालचाल टाळतो. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात व सांध्यांवर अधिक ताण येतो. मन खचलेला माणूस औषधे वेळेवर घेत नाही, तपासणीची तारीख चुकवितो. हे चक्र कोठून सुरू झाले, हे शोधीत बसण्यापेक्षा ते कोठे तोडता येईल, हे पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

मोजमापात होणारी चूक

मनाची विचारपूस का हवी, याचे सर्वांत सबळ कारण आमवाताच्या मोजमापातच आहे. आधुनिक पद्धतीत रोगाची तीव्रता आकड्याने मोजतात व तो आकडा खाली येईपर्यंत औषध वाढवितात. प्रचलित मापात अठ्ठावीस सांधे तपासले जातात आणि चार गोष्टी विचारात घेतल्या जातात: दाबल्यावर दुखणारे सांधे किती, सुजलेले सांधे किती, रक्तातील दाहाचे प्रमाण काय, आणि रोग्याच्या मते त्याची एकंदर प्रकृती कशी आहे. यांपैकी सूज व रक्ताची तपासणी या डॉक्टरांना स्वतः पाहता येणाऱ्या गोष्टी आहेत. उरलेल्या दोन रोग्याच्या अनुभवावर अवलंबून आहेत.

आता समजा, एखाद्या स्त्रीची सूज उतरली आहे, रक्तही ठीक आहे, परंतु मन पार खचले आहे. तिला अधिक सांधे दुखतील, आणि ‘प्रकृती कशी आहे’ या प्रश्नास ती ‘वाईट’ असेच उत्तर देईल. तिच्या या उत्तरात काडीमात्र खोटेपणा नसतो. आकडा वर राहतो. डॉक्टर त्याचा अर्थ ‘दाह आटोक्यात नाही’ असा घेतात, आणि अधिक तीव्र, अधिक खर्चाचे व जंतुसंसर्गाचा धोका वाढविणारे औषध सुरू करतात. त्याने विषण्णता हटेलच असे नाही. रोगी म्हणतो, औषध लागू पडत नाही. डॉक्टर म्हणतात, रोग हट्टी आहे. ज्या प्रश्नाने खरी स्थिती उघड झाली असती, तो प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

ही अडचण काल्पनिक नव्हे. अमेरिका व युरोप येथील संधिरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ साली ‘रोग शमला’ असे म्हणण्यासाठी जी कसोटी ठरविली, तीत रोग्याने स्वतःच्या त्रासाला दहांपैकी एक किंवा त्याहून कमी गुण देणे आवश्यक होते. सूज व दाह नसूनही केवळ या एका अटीवर अनेक रोगी अडून राहतात, असे आढळले. म्हणून २०२२ साली ही मर्यादा दोन गुणांपर्यंत वाढविण्यात आली. कसोटी सैल केल्याने आकड्यांची सोय झाली. ज्याला अजूनही त्रास वाटतो त्याला तो का वाटतो, हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा, की एवढा रोग झाल्यावर माणूस खिन्न होणारच. जे स्वाभाविक आहे त्यावर उपचार कशाला? परंतु एखाद्या गोष्टीचे कारण समजले म्हणून ती गोष्ट सोसण्याजोगी ठरत नाही. जखम चिघळली म्हणजे ताप येणे स्वाभाविकच आहे, तरी तापावर उपचार करतातच. याच संदर्भात फ्रेंच चित्रकार ऑग्यूस्त रनवार यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. १८९२ च्या सुमारास त्यांना आमवात जडला, बोटे आत वळली, अखेरीस चाकांची खुर्ची आली. तरी १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ते चित्रे काढीत राहिले. त्यांचे धैर्य थोर होते, यात शंका नाही. परंतु त्यांच्या हाती कुंचला ठेवणारी माणसे घरात होती, दक्षिण फ्रान्सच्या उबदार हवेत स्वतःचे घर होते, आणि बसून करता येण्याजोगे प्रिय काम होते. खुरपणीवर जाणाऱ्या किंवा विडी वळणाऱ्या स्त्रीला हे उदाहरण सांगून ‘तुम्हीही खंबीर व्हा’ म्हणणे, हा तिच्या दुःखात अपयशाची भर घालण्याचा प्रकार होय.

दुसरा आक्षेप असा, की सांधे बरे करा, मन आपोआप बरे होईल. यात तथ्य आहे. दाह ओसरला, वेदना कमी झाली की अनेकांचे मनही उभारी धरते. म्हणून सांध्यांच्या उपचारात कसूर होता कामा नये. परंतु सर्वांच्या बाबतीत तसे घडत नाही. शिवाय आमवातावरील औषधांना गुण येण्यास आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या अवधीत मन खचलेल्या रोग्याने औषधच सोडले, तर सांधे बरे होणार कसे?

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे: विचारून उपयोग काय, पुढे पाठविण्यास मनोविकारतज्ज्ञ आहेत कोठे? देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नाही. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत विषण्णता व चिंता यांसारख्या सामान्य मनोविकारांनी पीडित असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. ही स्थिती शोचनीय आहे. तथापि तीवरील उत्तरही आपल्याच देशात तयार झाले आहे. गोव्यातील सरकारी आरोग्यकेंद्रांतून विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक योजना राबवून पाहिली. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. सहा ते आठ भेटींत त्यांनी रोग्यांना पुन्हा लहानलहान आवडत्या व उपयुक्त कामांकडे वळविले, अडचणी सोडविण्याच्या रीती शिकविल्या, आणि माणसांत मिसळण्यास उत्तेजन दिले. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची विषण्णता ओसरली होती. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रोगी आमवाताचे म्हणून निवडलेले नव्हते. परंतु तज्ज्ञ नाहीत म्हणून काहीच करता येत नाही, हा युक्तिवाद या प्रयोगाने निकालात काढला आहे.

काय करता येईल

पहिले पाऊल दोन प्रश्नांचे आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश वाटत होते काय? नेहमीच्या कामांतील गोडी कमी झाली आहे काय? हे विचारण्यास एक मिनिटही लागत नाही, आणि डॉक्टरांनाच वेळ हवा असेही नाही. परिचारिका किंवा रक्त घेणारा सेवकही ते विचारू शकतो. विचारण्याची रीत मात्र सांभाळावी. ‘तुम्हाला मनाचा आजार आहे काय?’ असे विचारले तर कोणीही नाहीच म्हणेल. ‘सांधे दुखत असले की पुष्कळांचे मनही खचते; तुमचे कसे आहे?’ असे म्हटले तर बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर नऊ प्रश्नांची सविस्तर प्रश्नावली भरून घ्यावी, आणि २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील उपाय योजावेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेने २०१८ साली आमवाताच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब, हृदयविकार व हाडांची ठिसूळता यांच्याबरोबर विषण्णतेचीही नोंद घेण्यास सांगितले आहे. आपल्याकडील संधिरोग चिकित्सालयांनीही तसा नियम करण्यास कोणती अडचण आहे?

दुसरे पाऊल औषधांच्या मेळाचे. स्टेरॉइड औषधांनी काही जणांची झोप व मनःस्थिती बिघडते, हे ध्यानात ठेवावे. विषण्णतेवरील काही औषधे आणि सांधेदुखीवरील वेदनाशामके एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहणे अगत्याचे आहे, आणि रोग्यानेही त्या दोघांना दाखवाव्यात. औषधांखेरीज बोलण्यातून होणारे मानसोपचार व झेपेल इतका नियमित व्यायाम यांचाही लाभ होतो.

तिसरे पाऊल घरातील माणसांचे. सकाळचा आखडलेपणा हा रोगाचाच भाग आहे, हे एकदा समजून घेतले की अर्धे टोमणे बंद होतात. रोग्याच्या हातून सर्व कामे काढून घेणे हीही खरी मदत नव्हे; त्याला जमतील ती कामे, जमेल त्या वेळी, जमेल त्या साधनाने करू द्यावी. आमवाताने लहान मुलांनाही सोडलेले नाही, म्हणून शिक्षकांनीही याकडे लक्ष द्यावे. एखादा विद्यार्थी सकाळच्या तासाला हळू लिहितो, खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसतो, याचे कारण आळसाखेरीज दुसरे असू शकते. आईच्या दुखण्यामुळे घरचे काम अंगावर पडलेली मुलगीही वर्गात असू शकते.

कोणी ‘आता जगणे नको झाले’ असे म्हणाले, तर ते बोलणे वरवरचे मानू नये. त्याविषयी शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणसाचे ओझे हलके होते, आणि मदत वेळेवर आणता येते. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत, कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलता येते. मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाचा हक्क मानला आहे. हा क्रमांक शाळेच्या व ग्रंथालयाच्या फलकावर लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

आमवाताच्या उपचाराने गेल्या पाऊणशे वर्षांत जी मजल मारली, ती रोगाकडे बारकाईने पाहिल्यामुळे मारली. प्रथम सूज पाहिली, मग रक्त पाहिले, मग पेशी व प्रथिने पाहिली. त्याच बारकाईने आता रोग्याच्या मनाची नोंद व्हावयास हवी. त्यासाठी नव्या यंत्राची किंवा नव्या औषधाची प्रतीक्षा करावी लागत नाही. तपासणीच्या कागदावर आणखी दोन प्रश्न छापावयाचे, त्यांची उत्तरे ऐकून घ्यावयाची, आणि उत्तर मिळाल्यावर रोग्यास कोठे पाठवावयाचे ते आधी ठरवून ठेवावयाचे, एवढेच काम आहे. ज्या चिकित्सालयांना हे पटेल त्यांनी ते पुढील तपासणीच्या दिवसापासूनच सुरू करावे. आणि ज्या रोग्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःच सांगावे, की सांध्यांबरोबर मनही दुखते आहे. कारण हेही आमवाताचेच एक लक्षण असू शकते, आणि त्यावर उपाय आहे.